शेवटच्या आजारपणात घर दुभंगू नये म्हणून: वैद्यकीय इच्छापत्र, पायरी पायरीने

बाप अतिदक्षता विभागात असतो आणि बाहेरच्या बाकड्यावर भावाबहिणींत जुंपते. खेड्यापाड्यातून पेशंट घेऊन नागपूर, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अमरावती गाठणाऱ्या कितीतरी घरांत हे होतं. वावर कसणारा धाकटा म्हणतो, "आता बास, घरी नेऊ." पुण्याहून रातोरात आलेला मोठा म्हणतो, "पैशाचं पाहू नको, व्हेंटिलेटर लावा म्हणा." बहीण रडत असते, तिला कुणी विचारत नाही. आई गावातच असते, तिला तर धड काही सांगितलेलंही नसतं. भांडण उपचारावरून चाललेलं दिसतं, पण आतली भीती वेगळीच असते. उद्या गाव म्हणेल, "पोरायनं बापाले मारलं." गाव नाही म्हणालं तरी स्वतःचं मन म्हणेल.

ही भीती घालवायचा एकच मार्ग मला खरा वाटतो. ज्याचं शरीर, त्यानं शुद्धीत असताना, सगळ्यांच्या कानावर जाईल असं सांगून ठेवायचं. त्यातही दूर राहणाऱ्या मुलाच्या कानावर आधी. कोणते उपचार नकोत हे सांगणारा कागद, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, त्यानंतरचा. कागदही करायचाच, कारण मोठ्या दवाखान्यात तोंडी सांगितलेलं टिकत नाही. पण घरात कुणाला न सांगता केलेला कागद ऐन वेळी बाहेर काढला, तर तो वाद मिटवत नाही, वाढवतो.

आधी कायदा काय म्हणतो ते

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात निकाल दिला. सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि बरं होण्याची आशा उरली नसेल तर केवळ मरण लांबवणारे उपचार नकोत असं माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग अनेकांना आठवत असतील. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये वारेपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणातल्या २०११ च्या निकालाने ही वाट पहिल्यांदा थोडी उघडली होती.

२०१८ ची पद्धत फार किचकट होती. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. खेड्यातल्या माणसाला ते जमणं कठीण. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने नियम सोपे केले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्या देशात गुन्हा आहे, आणि इच्छापत्राचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसरं, इच्छापत्र केलं म्हणून उपचार बंद होत नाहीत. निमोनिया झाला, पाय मोडला, हार्ट अटॅक आला, तर नेहमीसारखेच उपचार होतात. आजार बरा न होणारा आहे, आशा उरलेली नाही आणि माणसाला स्वतः निर्णय सांगता येत नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तो कागद कामाला येतो.

माणूस शुद्धीत असेल तर त्याचा शब्दच चालतो. वर्ध्याकडच्या जुन्या माणसांना नोव्हेंबर १९८२ आठवत असेल. पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. ते स्वतः सांगू शकत होते, म्हणून दुसऱ्या कुणावर निर्णयाचं ओझं आलं नाही. आपल्या घरी बहुतेकदा तसं होत नाही. लकवा मारतो, लघवीचा जंतुसंसर्ग अंगात भिनतो, डोक्यात रक्तस्राव होतो, आणि बोलणारा माणूस एका रात्रीत गप्प होतो.

पहिली पायरी: बोलणं काढणं

हीच सगळ्यात अवघड पायरी, म्हणून इथे घाई करू नका. बापाला ताप आहे, आईला दवाखान्यातून नुकतंच आणलंय, अशा वेळी हा विषय नको. दिवाळीला सगळे गावी येतात तो काळ बरा. कापसाची पहिली वेचणी झालेली असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, रात्री जेवणं आटोपून सगळे छपरीत बसलेले असतात. गावात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्याच्यावरूनच बोलणं निघतं. "अमक्या काकाला महिनाभर मशीनवर ठेवलं होतं, तुम्हाला काय वाटलं बाबा ते पाहून?" इथून सुरुवात करा. "तुम्ही मरायला टेकल्यावर काय करू?" असं कुणी आपल्या बापाला विचारत नाही, विचारूही नये.

पुष्कळ म्हातारी माणसं सहज मनातलं बोलून टाकतात. "मले नळ्या लावू नोका. घरीच राहू द्या मले." हे ऐकलं की आपण लगेच "असं अशुभ बोलू नका" म्हणून त्यांचं तोंड बंद करतो. तसं करू नका. थांबा आणि विचारा: नळ्या म्हणजे कोणत्या? आठ दिवसांत बरं होणार असेल तरी नको? घरीच म्हणजे कुणाच्या घरी, नागपूरला लेकीकडे की इथेच? एका वाक्यामागे किती गोष्टी असतात ते अशा प्रश्नांतूनच बाहेर येतं.

बायांचं वेगळं आहे. आईला विचारलं की ती म्हणते, "मले काय समजते बाप्पा, पोरायले इचार." जन्मभर तिला कुणी काही विचारलेलं नसतं, त्यामुळे आताही ती सांगत नाही. तिच्याशी एकटीशी बोला, आणि शक्यतो मुलीनं किंवा सुनेनं बोलावं. भाजी निवडता निवडता ती जे सांगेल ते चौघांसमोर सांगणार नाही. मग तिच्या परवानगीने ते सगळ्यांसमोर मांडा.

पुण्या-मुंबईचा किंवा बाहेरदेशीचा मुलगा तिथे नसेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. बाप बोलत असताना त्याला ऐकू द्या आणि बाप हो म्हणत असेल तर ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्डही करा. रेकॉर्डिंगने कायद्याचं इच्छापत्र होत नाही, पण पाच वर्षांनी दवाखान्याच्या बाकड्यावर त्या आवाजाइतकं दुसरं काहीच कामाला येत नाही. जवळ राहणारा मुलगा रोज पाहत असतो, बाप कसा खंगत चालला ते त्याला कळतं. दूरच्याच्या डोळ्यांसमोर मागच्या दिवाळीचा चालता-फिरता बाप असतो. तो हट्ट करतो म्हणून त्याच्यावर चिडू नका, त्याला आधीपासून सोबत घ्या.

दुसरी पायरी: कशाला हो, कशाला नाही हे समजून घेणं

ओळखीच्या डॉक्टरकडे म्हाताऱ्या माणसासह एकदा निवांत जा आणि चार गोष्टी विचारा. व्हेंटिलेटर म्हणजे नक्की काय, आणि या वयात, या आजारात त्यावरून माणूस परत येण्याची शक्यता किती? हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात तेव्हा काय होतं? खूप म्हाताऱ्या, खंगलेल्या माणसाच्या त्यात बरगड्याही मोडतात, हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. किडनी निकामी झाल्यावर डायलिसिस किती दिवस आणि कशासाठी? नाकातून नळी घालून अन्न दिल्याने काय साधतं?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि त्यामुळे कितीतरी घरांची जमीन वाचली. पण "योजनेत बसते न, मग करा" हे उपचार करण्याचं कारण होऊ शकत नाही. फुकट मिळतं म्हणून बापाच्या अंगात नळी घालायची नसते, तसंच पैसे नाहीत म्हणून होणारा फायदा सोडायचाही नसतो. पैशाची गोष्ट वेगळी काढून बोला आणि उघड बोला. लपवलेला पैसा पुढे संशयाच्या रूपाने बाहेर येतो.

तिसरी पायरी: कुणाचं नाव घालायचं

इच्छापत्रात पालक (गार्डियन) किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव घालावं लागतं. माणसाला स्वतःला सांगता येत नसेल तेव्हा त्याच्या वतीने ही व्यक्ती संमती देते. २०२३ नंतर एकापेक्षा जास्त नावं घालता येतात आणि माझा आग्रह आहे की घालावीच.

इथे सात-बारा मध्ये येतो. खेड्यात "मशीन काढा" म्हणणाऱ्याकडे सगळे कोणत्या नजरेनं पाहतात? वावर त्याच्या नावावर व्हायचंय म्हणून घाई करतोय, अशा. तो खरा असला तरी त्याला हा डाग लागतो. म्हणून एकट्या मुलाचं नाव घालू नका. मुलगा आणि मुलगी अशी दोन नावं घाला. पोटच्या पोरांचं एकमेकांशी पटतच नसेल तर ज्याला काहीच मिळायचं नाही असा कुणीतरी घ्या, मामा किंवा पुतण्या. साक्षीदारही शक्यतो घराबाहेरचे, स्वतंत्र असावेत असं न्यायालयच म्हणतं. जमिनीचं मृत्युपत्र करायचं असेल तर ते वेगळं करा, वेगळ्या दिवशी, आणि जमलं तर वेगळ्या साक्षीदारांसमोर. दोन्ही कागद एकाच बैठकीत झाले की गावाच्या तोंडी ते एकच होतात.

नाव कुणाचं घालायचं हे ठरवताना आणखी एक माणूस विसरू नका: जी रोज अंग पुसते, डायपर बदलते, रात्री तीनदा उठते, ती सून. तिचं नाव कागदावर आलं नाही तरी तिचं म्हणणं बैठकीत ऐकलं गेलं पाहिजे. घरी नेण्याचा निर्णय दवाखान्यात बसून पुरुष घेतात, तो पार पाडते ती.

चौथी पायरी: लिहिणं

ठरावीक फॉर्म भरलाच पाहिजे असं नाही. मराठीत साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. फक्त मोघम नको. "मला त्रास देऊ नये" एवढंच लिहिलं तर डॉक्टर काही करू शकत नाहीत. मजकूर साधारण असा ठेवा:

"मी, अमुक, वय इतके, राहणार मौजा अमुक, तालुका व जिल्हा अमुक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की, मला बरा न होणारा आजार झाला, बरे होण्याची आशा नाही असे डॉक्टरांचे मत झाले आणि मला स्वतःचा निर्णय सांगता येत नसेल, तर मला व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. डायलिसिस करू नये. नळीने अन्न देऊ नये. वेदना, धाप व तगमग कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत द्यावेत. याचे परिणाम मला समजले आहेत. हे इच्छापत्र मी केव्हाही रद्द करू शकतो हे मला माहीत आहे. मला सांगता येणार नाही तेव्हा माझ्या वतीने अमुक व तमुक यांनी संमती द्यावी."

ज्याला जे नको तेवढंच लिहायचं. कुणाला डायलिसिस चालतं, व्हेंटिलेटर नको असतो. कुणाला सगळंच हवं असतं, आणि तेही लिहून ठेवता येतं. वेदनेचं वाक्य मात्र कुणीच गाळू नका.

पाचवी पायरी: सही आणि प्रती

लिहून ठेवणारा अठरा वर्षांवरचा आणि मनाने ठीक असला पाहिजे. विसराळूपणा सुरू झाला असेल तर उशीर करू नका. तालुक्याला कोर्टाजवळ किंवा तहसिलीबाहेर नोटरी बसलेले असतात. राजपत्रित अधिकारी ओळखीचे असतील तर तेही चालतात. म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, दोन्ही साक्षीदार हजर ठेवा, सगळ्यांची ओळखपत्रं घ्या. लिहिता-वाचता येत नसेल तर कागद मोठ्याने वाचून दाखवा आणि मग अंगठा घ्या. सही पोरांच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने झाली याची खात्री नोटरीने करायची असते. त्याने बापाला दोन प्रश्न विचारले तर मध्येच आपण उत्तर देऊ नका.

तिथे "असं कधी केलंच नाही" असं ऐकायला मिळेल. भांडू नका. २०२३ च्या आदेशाची छापील प्रत सोबत ठेवा आणि पुढे करा.

एकेक प्रत नाव घातलेल्या नातेवाइकांना आणि नेहमीच्या डॉक्टरला द्या. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. खेड्यात ती संस्था म्हणजे ग्रामपंचायत, तिथे आवक नोंद करून पोच घ्यायची. घरातली प्रत दवाखान्याच्या फाइलमध्येच ठेवा. ट्रंकेत ठेवलेला कागद रात्री दोनला सापडत नाही. दूरच्या मुलाला फोटो पाठवा.

ती वेळ आली की

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हा प्रसंग सहसा येत नाही, तो मोठ्या दवाखान्यात येतो. तिथे इच्छापत्र दाखवायचं. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, असं तिघांचं पहिलं मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देतं. त्यानंतर दवाखाना दुसरं मंडळ बसवतो, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांचं जुळलं आणि इच्छापत्रात नाव असलेल्यांनी संमती दिली, की दवाखाना न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतो आणि मग उपचार थांबवतो. परवानगी मागायची नसते, कळवायचं असतं. मंडळांनी नाही म्हटलं तर उच्च न्यायालयात जाता येतं. आपल्यासाठी, म्हणजे विदर्भासाठी, ते नागपूर खंडपीठ. इच्छापत्र केलेलंच नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने याच मार्गाने जाता येतं. पण मग सगळा भार त्या सहीवर येतो.

कागद नाही आणि भांडण पेटलंय

बहुतेक लोक हा लेख याच वेळी शोधत येतील, म्हणून थोडं सविस्तर.

आधी सगळ्यांनी मिळून एकाच डॉक्टरला भेटायचं. मोठ्याने सकाळी एकाला विचारायचं आणि धाकट्याने संध्याकाळी दुसऱ्याला, यातच अर्धी भांडणं जन्माला येतात. डॉक्टरला सरळ विचारा: "हे बरे होऊन घरी चालत येतील का? नाही तर जास्तीत जास्त कुठपर्यंत येतील?" "काही सांगता येत नाही" हे उत्तर मिळालं तर विचारा, "तुमच्या अनुभवात अशा पेशंटचं काय होतं?"

मग आपसात बसा आणि प्रश्न बदला. "तुले काय वाटते" असं एकमेकांना विचारलं की प्रत्येक जण स्वतःचा बचाव करतो. "बाबा इथे खुर्चीवर बसून हे सगळं पाहत असते तर काय म्हणाले असते?" हे विचारा. आईला फोन लावा, तिला त्यांचं मन सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. शेजारच्या काकांच्या वेळी ते काय बोलले होते, हे कुणाला तरी आठवतंच.

तरीही जमलं नाही तर मुदत ठरवा. तीन दिवस पूर्ण उपचार, मग पुन्हा त्याच डॉक्टरसोबत बैठक, आणि कोणत्या खुणा सुधारल्या नाहीत तर पुढे काय, हे आजच ठरवून ठेवायचं. दूरच्या मुलाला या तीन दिवसांत बापाजवळ बसू द्या. घशातून मशीनने कफ ओढतात तेव्हा हात बांधलेला बाप कसा कळवळतो, हे एकदा पाहिलं की त्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि कधी उलटही होतं, तीन दिवसांत बाप डोळे उघडतो आणि घरी न्यायची घाई करणारा थांबतो. दोन्हीसाठी ती मुदत हवी.

घरी न्यायचं ठरलं तर "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून रिकाम्या हाताने निघू नका. आपल्याकडे हेच सर्रास होतं आणि पेशंट घरी वेदनेनं ओरडत राहतो. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरला दाखवल्याशिवाय आणि वेदना, धाप, उलटी, तगमग यांची औषधं लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. तीव्र वेदनेवरचं मॉर्फिन साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त दवाखान्यातूनच घ्यावं लागतं. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते देणं सोपं झालं आहे. डॉक्टरने ठरवलेल्या मात्रेत दिलं तर त्याने मरण ओढवत नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध मात्र लागतंच.

घरी आणल्यावर भेटायला येणारे म्हणतील, "उपाशी मारता का, सलाईन तरी लावा." शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. जबरदस्तीने लावलेलं सलाईन अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवतं. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसा, गिळता येत असेल तर चमच्याने दोन थेंब द्या, दर दोन तासांनी कूस बदला. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा. आजूबाजूच्यांना ती भयंकर वाटते, पण त्या वेळी पेशंटला तिचा त्रास सहसा होत नसतो. रात्री घाबरून कुणी १०८ लावू नये म्हणून घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. ती गाडी जीव वाचवायलाच येते, आणि पुन्हा तोच दवाखाना, त्याच नळ्या. १०८ ऐवजी कोणत्या डॉक्टरला फोन करायचा तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, तोच डॉक्टर कारणाचा दाखला देतो.

मन बदललं तर

इच्छापत्र एकदा केलं म्हणजे दगडावरची रेघ नाही. नातवाचं लग्न पाहायचं म्हणून एखाद्याला आता सगळे उपचार हवेसे वाटतात, एखाद्याला जोडीदार गेल्यावर काहीच नको वाटतं. दर दोन-तीन वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या आजारानंतर तो कागद बाहेर काढून वाचून दाखवा. बदल करायचा तर पुन्हा त्याच पद्धतीने, लेखी, दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर. दोन कागद निघाले तर शेवटी सही केलेलाच धरला जातो. तारीख ठळक घाला, नवी प्रत ग्रामपंचायत, डॉक्टर आणि सगळ्या पोरांना द्या, आणि जुन्या प्रती त्यांच्याकडून परत घेऊन फाडून टाका.